दोन डाव्या बाजूंचा पाळणा

पलूस, ४ नोव्हेंबर २०२५

नूरीन बेटा, दुवा.

तुला एक दादी हाय, ध्यानात हाय का? पलूसला असते. गुडघे दोन, दोन्ही कुरकुरतात. बकरी ईदेला तू माझा पितळी कडीचा डबा घेऊन गेलीस. "दादी, पुढच्या आठवड्यात धाडते" म्हणालीस. त्यो आठवडा साताऱ्यात अजून उजाडला न्हाई वाटतं. एवढी शिकलीस, कॉम्प्युटरला सगळं ध्यानात ठेवायला लावतीस, आणि तुला एक डबा आठवंना.

फोन का केला न्हाई म्हणशील. फोनवर तू "मीटिंगमध्ये आहे" म्हणतीस आणि ठेवतीस. चिठ्ठीला तसं ठेवता येत न्हाई. बिरदेव भाजीचा टेम्पो घेऊन साताऱ्याला येतो, त्याच्या हाती देते. मला अक्षर येत न्हाई, तवा तुझी अम्मी लिहितीय. तिला बजावलंय, मी बोलीन तेच लिहायचं, मधी आपला शहाणपणा घालायचा न्हाई.

(घालत नाही. — अम्मी)

बघ, घातलाच.

आता कामाचं. तुझ्या थोरल्या बहिणीची, अफसाना आपाची पोर झकास हाय. नाक आपल्या घराचं, आवाज सासरचा. चाळिसाव्या दिवशी तिला पाळण्यात घालायची. पाळणा कुणी करायचा, यावरनं घरात काय ठरलं होतं ते तुला सांगितलं न्हाई कुणी. तुझ्या अब्बाला अफताबचं ते कोरायचं मशीन पहिल्यापासनं पटत न्हाई. म्हणतो, हात न लावता केलेलं काम ते काम न्हवं. शेवटी बापलेकात ठरलं. हा पाळणा मशीनवर कर. नीट झाला तर मशीन कारखान्यात राहील. बिघडला तर आटपाडीचा बिराप्पा ते मागतोच हाय, त्याला देऊन टाकायचं, आणि अफताबनं रंधा धरायचा.

लाकूड कुठलं, तर तुझ्या दादाजींनी जपून ठेवलेला सागवान.

अफताबनं कॉम्प्युटरवर, तुझ्या कंपनीच्या त्या 'घडण'मधी डावी बाजू काढली. बाहेरनं वेल, वेलीला कैऱ्या, लय देखणी. मंग म्हणाला, उजवी काढायला नको, आरसा दाखवला की ती आपोआप होते. रातभर मशीन घरघरलं. सकाळी बाजू उभ्या करून बघतो तर दोन्ही डाव्या! एकीची वेल बाहेर, दुसरीची आत. पोरीच्या अंगाला कैऱ्या टोचणार. फिरवून बसवावी तर कडी अडकवायचं भोक डोक्याकडचं पायाकडं जातंय. दोघी एकाच दिशेला तोंड करून उभ्या, रुसलेल्या जावा जशा.

तुझ्या अब्बानं रंधा उचलून अफताबपुढं ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. सागवानाची एकच फळी उरलीय, एका बाजूपुरती. आणि अफताब मशीनला हात लावंना. म्हणतो, "दादी, पडद्यावर मी उजवीच बघितली होती." पोरगं खोटं बोलत न्हाई, तेवढी अक्कल न्हाई त्याला.

घोळ काय हाय ते बघ. आणि डबा.

तुझी दादी, राबिया

*

सातारा, ९ नोव्हेंबर

दादी, सलाम.

डबा सापडला. त्यात माझे चार्जर आणि वायरी होत्या. आता रिकामा करून, घासून बिरदेवमामांकडे दिला आहे.

अफताबला परवा फोन केला आणि त्याने काय काय दाबलं ते एकेक करून विचारलं. घोळ कळला. तुला सांगते, अम्मी, तू सावकाश वाच.

'घडण'मध्ये आरसा म्हटलं की पडद्यावर एक छोटी चौकट उघडते. तिच्यात खाली तीन बटणं आहेत. 'लागू करा', 'ठीक' आणि 'बंद करा'. अफताबने 'लागू करा' दाबलं. डाव्या बाजूची उजवी झाली. ती त्याने डोळ्यांनी बघितली, ते खरंच आहे. मग त्याने 'ठीक' दाबलं. आमच्याकडे 'ठीक'चा अर्थ असा ठेवला आहे, की पुन्हा एकदा लागू कर आणि मग चौकट बंद कर. म्हणजे उजवीला परत आरसा दाखवला, ती परत डावी झाली आणि चौकट मिटली. त्याने मिटताना बघितलं नाही, सरळ मशीनकडे पाठवून दिलं. 'लागू करा' झाल्यावर खरं तर 'बंद करा' दाबायचं. पण त्यावर लाल फुली आहे. लोकांना वाटतं, ते दाबलं तर केलेलं सगळं पुसलं जाईल.

तुला माहीत आहे, मी लोकांच्या तक्रारींना उत्तरं देते. हीच तक्रार याआधीही आली आहे. कराडच्या एका माणसाच्या दाराची दोन्ही कवाडं एकाच अंगाची झाली होती. मी आमच्या राजवर्धन सरांकडे गेले. ही चौकट त्यांनीच बनवली आहे. ते म्हणाले, "मदतीच्या पानावर सगळं लिहिलं आहे, नूरीन. वापरणाऱ्याची चूक आहे." माणूस वाईट नाही. मला जेवलीस का विचारतात. पण त्या चौकटीवर बोललं की कान मिटतात.

अफताबला सांग, 'ठीक' दाबू नकोस, 'बंद करा' दाब. काही पुसलं जात नाही. एवढंच आहे.

तुझी नूरीन

*

पलूस, १४ नोव्हेंबर

नूरीन बेटा, दुवा.

डबा मिळाला. आत डोकावून बघितलं, हात घालून बघितलं, उलटा करून आपटला. काय न्हाई! आपल्यात डबा रिकामा परत देत न्हाईत, हे बी साताऱ्याला जाऊन विसरलीस व्हय? शेजारची राहीबाई विचारत होती, नातीनं काय धाडलं? मी म्हणलं, हवा. साताऱ्याची हवा चांगली असती.

तुझं पत्र अम्मीनं दोनदा वाचलं. मला पहिल्यांदाच कळलं, दुसऱ्यांदा तिला कळावं म्हणून वाचाय लावलं.

(खरं तर उलट होतं. — अम्मी)

"एवढंच आहे" म्हणतीस. एवढंच न्हाई, बेटा. तू या घरात वाढलीस आणि तुला ह्ये सुचू नये? आपल्या कारखान्याची रीत काय? काम पुरं झालं की करणाऱ्यानं त्यावर तळहात ठेवायचा आणि तोंडानं 'ठीक' म्हणायचं. त्याबिगर काम हातावेगळं करायचं न्हाई. तुझ्या दादाजींनी घालून दिलंय. लहानपणी अफताबनं एक पाट 'ठीक' न म्हणता गिऱ्हाइकाला दिला, तवा तुझ्या अब्बानं त्याला चालत धाडून तो परत आणवला, हात ठेवून घेतला, आणि पुन्हा चालत द्यायला लावला. पाटाला काय झालं न्हवतं. तरी.

आता त्या पोरापुढं तुझा साहेब 'ठीक' लिहून ठेवतो आणि म्हणतो, दाबू नको. अफताब म्हणतो, "दादी, मी मनाला समजावतो, पण काम झालं की बोट आपोआप तिकडंच जातं. आणि उरलीय एकच फळी." मशीनवर चादर टाकून बसलाय.

तुझ्या अब्बाला मी सगळं सांगितलं. वाटलं, पोराची चूक न्हाई म्हणल्यावर निवळंल. तर त्यो काय म्हणाला? "ज्याला ठीक म्हणलं की झालेलं काम उलटतं, ते माझ्या छपराखाली नको." म्हणजे आधी अफताब वाईट होता, आता मशीन वाईट झालं. बिराप्पाला निरोप गेलाय. चाळिसाव्यापर्यंत थांब म्हणून मी त्याला अडवून धरलाय.

तुझा साहेब म्हणतो, वापरणाऱ्याची चूक. असू दे. त्याला एकदा चहाला आण.

डब्यात शेंगदाण्याची चटणी हाय. डबा भरून कसा धाडतात, ते तेवढं बघून ठेव.

दादी

*

सातारा, १९ नोव्हेंबर

दादी, सलाम.

चटणी दोन दिवसांत संपली. अर्धी राजवर्धन सरांनी संपवली, भाकरीबरोबर. "कुठली चटणी?" म्हणाले. मी म्हटलं, पलूसची, आमच्या दादीची. तिथेच आमच्या घरी सुतारकामाचा कारखाना आहे, भाऊ 'घडण' वापरतो. सरांना जुन्या सागवानाचं वेड आहे. रविवारी त्यांच्या मावसभावाचं लग्न आहे सांगलीला. औंधच्या यमाईला जाऊन, मग वाट थोडी वाकडी करून ते दुपारी तुमच्याकडे येतील. मला सुट्टी नाही, नाहीतर मीही आले असते.

दादी, हात जोडते. त्यांना बोलू नकोस. ते माझे साहेब आहेत. अब्बांना सांग, मशीनवरून वाद घालू नका. अफताबला सांग, मान वर करून बोल. आणि चहात साखर कमी लागते त्यांना.

डबा माझ्याकडेच आहे. या वेळी रिकामा येणार नाही.

नूरीन

*

पलूस, २४ नोव्हेंबर

नूरीन बेटा, दुवा.

तुझा साहेब आला आणि गेला. मी त्याला एक वाकडा शब्द बोलले न्हाई. हवं तर तुझ्या अब्बाला विचार.

(मी त्या दिवशी अफसाना आणि बाळाला घेऊन डॉक्टरकडे गेले होते, बाळाला सर्दी होती. त्यामुळे पुढचं सगळं दादींच्या शब्दांत. मी साक्षीदार नाही. — अम्मी)

पोरगा चांगला हाय. उंबऱ्यात चप्पल नीट लावून ठेवली. कारखान्यात गेला, त्या दोन डाव्या बाजू बघितल्या, कैऱ्यांवरनं हात फिरवला. म्हणाला, "काय सुंदर काम आहे." मंग अफताबला म्हणाला, "तू बंद करा दाबायला हवं होतंस." अफताबनं मान घातली खाली. तुझा अब्बा उठून बाहेर जाऊन बसला. मला कळलं, आता ह्ये असंच बसणार आणि साहेब लग्नाला निघून जाणार.

मी म्हणलं, "चहा घेऊनच जायचं. पण सून घरात न्हाई, आणि माझे गुडघे आज उठंनात."

"मी करतो की, आजी," म्हणाला. लय गुणी.

"करा. शेगडी समोर हाय, दूध फडताळात. साखर पाची डब्यांतल्या एकात."

आता आपले डबे तुला ठाऊक हायत. पाचीच्या पाची सारखे. मला अक्षर येत न्हाई म्हणून कडीला दोरा बांधून गाठी मारल्यात.

त्यो विचारतो, "साखर कुठली, आजी?"

"दोऱ्याला एक गाठ ती साखर. दोन गाठी ते मीठ. तीन गाठी रवा. लय सोपं हाय, कुणाला बी येतंय."

त्यानं एक गाठ बघून डबा काढला. चहा केला, तीन कप. तुझ्या अब्बाला बाहेर नेऊन दिला. अब्बानं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

साहेब म्हणाला, "काका, चहा ठीक झालाय ना?"

आता ह्यो प्रश्न त्या माणसाला! खोट्या कामाला आयुष्यात कवा ठीक म्हणला न्हाई त्यो. पाहुण्याला वाईट झालाय म्हणवंना, ठीक बी म्हणवंना. छपराकडं बघत बसला. मंग साहेबानं आपला कप तोंडाला लावला. नूरीन, काय तोंड झालं त्याचं! पिळून टाकलेल्या लिंबागत.

"आजी, हे तर मीठ आहे! पण एकच गाठ होती."

"दुसरी मागच्या अंगाला असंल. डबा फिरवून बघायचा असतो."

"पण ते मला कळणार कसं?"

"मी सांगितलं हुतं की. एक गाठ साखर, दोन गाठी मीठ." आणि मंग मी म्हणलं, गरिबासारखं तोंड करून, "वापरणाऱ्याची चूक."

मला वाटलं, आता तुझी नोकरी गेली. मंग असा हसाय लागला, की कपातला चहा सदऱ्यावर सांडला. "आजी," म्हणाला, "हे नूरीननं सांगितलं तुम्हाला." मी म्हणलं, "नूरीन मला काय सांगतीय? तिला डबा धाडायचा आठवंना."

हसून झाल्यावर सरळ अफताबपाशी गेला. मशीनवरची चादर स्वतः काढली. "मला करून दाखव. मी मध्ये बोलणार नाही." अफताबनं 'लागू करा' दाबलं. बाजू उजवी झाली. मंग पोरानं टेबलावर तळहात ठेवला, सवयीनं, आणि 'ठीक' दाबलं. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती परत डावी झाली. साहेब म्हणाला, "पुन्हा कर." पुन्हा तेच. मंग त्यो स्वतः बसला. उजवी केली, मान हलवली, आणि त्याचं बोट गेलं कुठं? ठीककडंच! दाबता दाबता थांबला, आपल्याच बोटाकडं बघत राहिला.

तुझा अब्बा दारात येऊन उभा हुता. म्हणाला, "साहेब, ठीक म्हणल्यावर काम थांबतं. बदलत न्हाई. आमच्यात तरी."

साहेब उठून उभा राहिला. "काका, मला आठ दिवस द्या. तोवर मशीन देऊ नका."

अब्बानं हो म्हणलं न्हाई, न्हाई बी म्हणलं न्हाई. पण जाताना त्याला पुन्हा चहा केला, अब्बानं स्वतः. तुझा अब्बा लग्नानंतर चुलीपुढं गेलेला मी पहिल्यांदा बघितला.

(माझ्या पहिल्या ईदेला या घरात शिरखुर्म्यात काय पडलं होतं, ते या पत्रात आलेलं नाही, म्हणून मी लिहिते. मीठ. तेव्हाही सुनेचीच चूक होती. — अम्मी)

अम्मीनं काय लिहिलंय ते मला वाचून दाखवंना. काहीतरी चांगलंच असंल.

दादी

*

सातारा, ३० नोव्हेंबर

दादी, सलाम. अम्मी, तुला दोन सलाम.

सोमवारी सर ऑफिसात आले ते थेट माझ्या टेबलाशी. "त्या तक्रारी सगळ्या काढ." आम्ही दोघे दुपारपर्यंत वाचत बसलो. मग त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, "मी काल मिठाचा चहा प्यायलो." कुणाला काही कळलं नाही. मला तुझं पत्र आल्यावर कळलं.

आता चौकट अशी झाली आहे. 'लागू करा' दाबलं की उजवी होते. मग 'ठीक' दाबलं की ती तशीच राहते आणि चौकट मिटते. लाल फुली काढली. 'बंद करा' पण काढलं, त्याच्या जागी 'नको, पहिल्यासारखं कर' असं लिहिलं आहे. ते शब्द मी सुचवले. सर म्हणाले, फार लांब आहेत. मी म्हटलं, असू देत, सर, गाठ पुढे दिसायला हवी. काल रात्री अफताबच्या कॉम्प्युटरवर नवी 'घडण' पाठवली. आधी साध्या लाकडावर करून बघ म्हणावं. अब्बांना सांग, एकदाच बघा, माझ्यासाठी.

आणि आता तुझं. दादी, लहानपणी मी त्या डब्यांतून साखर चोरायचे. रोज. मिठाच्या डब्याच्या दोन्ही गाठी पुढेच होत्या, शेजारी शेजारी, कडीच्या खाली. मला अजून डोळ्यांपुढे दिसतात. त्यातली एक मागच्या अंगाला कधी गेली? आणि गुडघे नेमके त्याच दिवशी कसे उठेनात?

नूरीन

*

पलूस, ७ डिसेंबर

नूरीन बेटा, दुवा.

वा! दादी आठवत न्हाई, डबा आठवत न्हाई, आणि वीस वर्षांमागची गाठ आठवती. गाठी जुन्या झाल्या की सरकतात, बेटा. माणसं बी सरकतात. तू न्हाईस का साताऱ्याला सरकलीस?

(मी काही बघितलेलं नाही. मी डॉक्टरकडे होते. — अम्मी)

ऐक. अफताबनं आधी आंब्याच्या लाकडावर करून बघितलं. उजवी झाली, ठीक म्हणलं, उजवीच राहिली. तरी सागवानाला हात लावंना. शेवटी तुझ्या अब्बानंच ती फळी उचलून मशीनवर ठेवली. "लाव," म्हणाला. आणि स्टूल घेऊन शेजारी बसला, जेवायला बी उठला न्हाई. मशीन थांबलं तवा भुसा फुंकरून काढला, दोन्ही बाजू उभ्या केल्या. वेलीवर वेल, कैरीवर कैरी, एकमेकींकडं बघतायत. कड्या समोरासमोर. तुझ्या अब्बानं पॉलिश पेपर घेतला आणि एका कैरीचं टोक जरासं घासलं. काय गरज न्हवती. पण हात लावल्याबिगर त्याला काम वाटत न्हाई. मंग अफताबकडं बघितलं.

अफताबनं तळहात ठेवला. "ठीक."

आणि त्याच्या हातावर तुझ्या अब्बानं आपला हात ठेवला. "ठीक." मशीनचं नाव पुन्हा कुणी काढलं न्हाई. बिराप्पा कालच्या चाळिसाव्याला जेवायला आला हुता. त्याला अब्बा म्हणाला, "मशीन कसलं मागतोस, गड्या? पाळणा लागला तर सांग, पोरगं करून देईल." दोन वेळा म्हणाला, 'पोरगं करून देईल.' मी मोजलं.

पोरीला पाळण्यात घातलं. आधी रडली. मंग वेलीवरच्या कैरीला हात लागला तशी गप झाली. राहीबाईनं पाळणा म्हणला, तुझ्या आपानं दोरी धरली. तू तेवढी न्हवतीस. एक जागा मोकळी ठेवली हुती तुझी, तिथं मांजर बसलं.

आणि ती उरलेली डावी बाजू टाकली न्हाई. अफताबनं ती स्वैपाकघराच्या भिंतीवर ठोकलीय, डब्यांची मांडणी म्हणून. आता त्यानं मशीनवर झाकणांना लाकडी चकत्या केल्यात, त्यांवर चित्रं. साखरेवर मुंगी, रव्यावर गव्हाची ओंबी. मिठाला काय काढावं कुणाला सुचंना. मी म्हणलं, तुझ्या नूरीनच्या साहेबाचं तोंड काढ, त्या दिवसाचं. हुबेहूब आलंय. बिरदेवनं बघितलं, त्याला लिहितावाचता येतं, तरी म्हणाला, "ह्ये मीठ असणार." अम्मीला बी आता चूक करायची सोय राहिली न्हाई.

(सत्तावीस वर्षांनी. — अम्मी)

आता माझा डबा. त्यात कंदी पेढे भरून धाड. हलक्या हाताच्या हलवायाकडचे नकोत, चांगले भाजलेले, तपकिरी. अब्बाला गोड चालत न्हाई, त्याच्यासाठी कोरेगावचा वाघ्या घेवडा वेगळ्या पिशवीत बांध. साहेबाला सांग, पेढे त्यानंच घेऊन यायचे, आणि तू त्याच्यासंगं यायचं, मांजर उठवून जागा देते. आणि बेटा, झाकण लावायच्या आधी एक पेढा स्वतः चाखून बघ, गोड लागला की डब्यावर तळहात ठेव, ठीक म्हण, मगच धाड.

दादी